किल्लीखालचा आठ

गिटारच्या छापील स्वरलिपीत प्रत्येक ओळीच्या डोक्याशी एक गोल वेलांटी असते. कधी कधी तिच्या शेपटीखाली बारीकसा इंग्रजी आठ लोंबत असतो. एका प्रकाशकाच्या पुस्तकात तो असतो, दुसऱ्याच्या पुस्तकात नसतो, आणि वादक दोन्हींवरून तेच आणि तसंच वाजवतो. मग हा आठ तिथे करतो काय?

ती वेलांटी म्हणजे ट्रेबल क्लेफ. क्लेफ हा फ्रेंच शब्द, अर्थ किल्ली. पाच रेषांना स्वतःचं नाव नसतं. किल्ली लावली की कुठली रेष कुठल्या स्वराची ते ठरतं. ट्रेबलच्या पोटातला वेढा खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरतो आणि ती रेष ‘जी’ होते. खाली आठ टांगला की सगळेच्या सगळे स्वर एक सप्तक खाली उतरतात. नोटेशनचं चित्र तेच राहतं, फक्त आवाज खाली जातो.

याची गरज का पडली ते गिटारच्या सर्वांत जाड तारेवरून कळतं. तिचा मोकळा ‘ई’ खऱ्या उंचीवर ट्रेबलमध्ये लिहायचा तर पाच रेषांखाली आणखी सात तोकड्या रेषा ओढून सातवीवर बसवावा लागेल. तेवढ्या रेषा मोजेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. म्हणून गिटारचं संगीत एक सप्तक वर लिहितात. मग तोच ‘ई’ तिसऱ्या तोकड्या रेषेच्या खाली येतो आणि वाचता येतो. डबल बासचंही तसंच, फक्त तिथे किल्ली बासची. पिकोलोचं उलट: लिहितात खाली, वाजते वर. ग्लॉकनस्पील तर दोन सप्तकं वर.

चौपदरी गायनात टेनर गाणाऱ्या पुरुषांसाठी पूर्वी वेगळी ‘सी’ किल्ली असे. ती मागे पडून ट्रेबल आली, तेव्हा ‘बाबांनो, हे खाली गायचं आहे’ हे सांगायला प्रकाशकांनी नाना युक्त्या केल्या. कोणी दोन वेलांट्या शेजारी शेजारी छापल्या, कोणी वेलांटीला ‘सी’ किल्लीचा तुकडा चिकटवला, कोणी आठ लावला. आठ टिकला. स्टाइनबर्ग कंपनीत डॅनियल स्प्रेडबरी यांनी २०१३ मध्ये संगीतचिन्हांच्या फॉन्टसाठी ‘स्मूफल’ ही प्रमाणित यादी मांडली. तीत या सगळ्या युक्त्या एकाच कुटुंबातल्या भावंडांसारख्या, प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक देऊन बसवल्या आहेत. मला त्यात दोन वेलांट्यांची जोडी सर्वांत आवडते. दिसायला भारी, आणि जागा मात्र दुप्पट खाते.

आपल्याकडे हा प्रश्नच वेगळ्या वाटेने सुटला. सा हलता असल्यामुळे काळी एकमध्ये गाणारे बुवा आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाई एकच वही उघडतात, आणि टिंब नसलेला सा दोघांचाही मध्य सा असतो. पण चिन्हाचा घोळ आपल्यालाही चुकला नाही. भातखंडे पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र आणि वर टिंब म्हणजे तार. पलुस्करांच्या पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. एका घरचा विद्यार्थी दुसऱ्या घरच्या पुस्तकावर बसला तर खाली उतरायच्या जागी वर चढेल. अर्थात बंदिश माहीत असेल तर चढणार नाही; कान सांभाळून घेतो.

संगणकाला तसा कान नाही. त्याला आठाचा हिशेबच द्यावा लागतो. लिलीपाँड हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउजेन यांनी सुरू केलं. यात माऊसने नोटा उचलून ठेवायच्या नसतात, सगळं टाइप करायचं असतं. ‘ट्रेबल’, पुढे अंडरस्कोर, पुढे आठ: झाली किल्ली तयार. अंडरस्कोरच्या जागी टोपी (^) घातली तर आठ डोक्यावर बसतो. आठाच्या जागी पंधरा लिहिलं तर दोन सप्तकं. सोळा नाही, कारण मधला सा दोनदा मोजायचा नसतो.

आत डोकावलं तर गंमत आहे. कागदावर आठ असला तरी लिलीपाँड आपल्या खात्यात उणे सात मांडतं. मधली रेष शून्य धरली तर साध्या ट्रेबलमध्ये मिडल सी उणे सहावर, म्हणजे पाच रेषांखालच्या तोकड्या रेषेवर असतो. त्यात सात मिळवले की एक. मधल्या रेषेच्या लगेच वरचं घर. म्हणजे लिहिताना त्यांचा ऑक्टेव्ह, मोजताना आपलं सप्तक! आवाज काढणाऱ्या मिडीला हीच उडी बारा वाटते, कारण ते पट्ट्या मोजतं. आणि एका सॉफ्टवेअरमधलं नोटेशन दुसऱ्यात नेणाऱ्या म्युझिकएक्सएमएलमध्ये ती नुसती उणे एक आहे.

खरी भानगड या शेवटच्या उणे एकाची, कारण ते दोन ठिकाणी लिहिता येतं. एक जागा किल्लीची: तिथे लिहिलं तर फाइलमधला स्वर आधीच खऱ्या उंचीचा असतो, किल्ली तो फक्त वरच्या घरात दाखवते. दुसरी जागा वाद्याची: तिथे लिहिलं तर फाइलमध्ये कागदावरचा स्वर असतो आणि वाजवताना तो उतरवायचा असतो. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फाइल लिहिणाऱ्याने एक मानलं आणि वाचणाऱ्याने दुसरंही लावलं, की गिटार दोनदा उतरते आणि नेमकी बास गिटारच्या जागी जाऊन बसते. ८२ हर्ट्झचा ‘ई’ ४१ वर. पडद्यावर एकही नोट हललेली नसते. ऐकल्याशिवाय चूक सापडत नाही, आणि ऐकायचा कंटाळा करून थेट प्रिंट काढणारे पुष्कळ असतात.

वाजवणाऱ्या माणसाचं तसं नाही. मुंबईच्या सिनेसंगीतात गोव्याच्या वादकांनी डबल बास वाजवला, पण त्यांना किल्लीखाली आठ लिहून द्यावा लागत नव्हता. वाद्य हातात घेतलं की सप्तक आपोआप उतरायचं. आठ आग्रहाने छापावा की नाही, यावर म्हणूनच संपादकांचं एकमत नाही. लिलीपाँडने त्यांची सोय केली आहे. आठ कंसात टाइप केला की तो कंसातच छापला जातो, ‘वाटल्यास घ्या’ अशा सुरात. आतल्या खात्यात मात्र कंस पोचत नाही. तिथे तेच उणे सात.