तिवईचीं पावलें

चौरंग डुगडुगूं लागला कीं पायाखालीं कागदाची घडी सारावी, ही वहिवाट आमच्या घरांत फार जुनी आहे. तीन पायांच्या तिवईस हा रोग नाहीं. एका रेषेंत नसलेले कोणतेही तीन बिंदु एकाच पातळींत असतात, हें भूमितींतलें तत्त्व आम्हीं जन्मभर वर्गांत शिकविलें. आणि त्याच्याच भरंवशावर २०१९ सालीं एक चूक केली.

त्या वर्षीं कार्तिकांत आमच्या मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. पुतण्यानें आपला डिजिटल कॅमेरा व तो ठेवावयाची तिवई आणली होती. हल्लींचीं मुलें तिला ट्रायपॉड म्हणतात. तिच्या एका पायाचें रबरी पाऊल प्रवासांत कोठें तरी गळालें होतें. आम्हीं वडिलांच्या काठीचें रबरी बुश काढून त्या नळीवर ठोकून बसविलें, आणि "बसलें कीं नाहीं घट्ट?" असें वर विचारलें. पुतण्या भिडेखातर गप्प राहिला. ८१ दिव्यांनीं ओवाळतांना विजेचे दिवे मालविले होते. अशा मंद उजेडांत चित्र उतरावयाचें तर कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा राहावा लागतो. तेवढ्यांतच बुश निसटलें आणि ॲल्युमिनियमची उघडी नळी गुळगुळीत शहाबादी फरशीवरून बोटभर सरकली. तबकांतल्या ज्योतींच्या रेघोट्या झाल्या, मातोश्रींचा चेहरा धुक्यांत गेला. पुढच्या माघांत त्या गेल्या. ओवाळतांनाचें त्यांचें तेवढेंच चित्र आमच्याजवळ आहे.

"काका, तिवई डुगडुगली नाहीं, सरकली," असें पुतण्या मागाहून म्हणाला. तो भेद आमच्या ध्यानांत आधीं यावयास हवा होता. भूमितीचे बिंदु जागचे हलत नाहींत. पण तिरप्या नळीस वरच्या भारानें बाहेर पसरण्याची ओढ असते. पाय अडेपर्यंत पूर्ण उघडले म्हणजे बिजागरी ती कांहींशी आवरते. बाकीचें काम पाऊल व जमीन यांमधील घर्षणाचें. आम्हीं तर पायही पुरते उघडले नव्हते!

नवीं पावलें घेण्यापूर्वीं जुनें कसें बसतें तें पाहावें. कांहीं तिवयांचीं पावलें टोपीसारखीं नळीवर चढतात. तेथें नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरनें मोजावा. कांहींचीं आंत स्क्रूनें बसतात. आमची तिवई दुसऱ्या जातीची होती, आणि येथेंच आम्ही पुन्हां ठेचाळलों. हार्डवेअरच्या दुकानांतून ६ मि.मी. चा बोल्ट आणून लावून पाहिला. तो दोन फेरे गेला व अडला. जोर लावणार, इतक्यांत पुतण्यानें हात धरला. भोंक पाव इंचाचें, म्हणजे ६.३५ मि.मी. चें होतें. पाव इंची स्क्रूस इंचाला २० आटे, ६ मि.मी. च्या नेहमींच्या बोल्टाचे आटे एकेका मि.मी. वर, म्हणजे इंचाला पंचवीसांहून अधिक. हे दोन आटे एकमेकांत नांदत नाहींत, आणि ॲल्युमिनियममधील आटे एकदां झिजले कीं तो पायच वायां गेला. मोठ्या तिवयांस ३/८ इंचाचाही स्क्रू असतो, त्याचे आटे इंचाला १६. "सर्वांना बसतात" असें सांगून दुकानदार देईल तीं पावलें म्हणूनच घेऊं नयेत.

पाऊल एकच हरवलें असलें तरी तिन्ही बदलावींत. एक उंच, दोन बुटकीं झालीं तर तिवई डुगडुगणार नाहीं, पण कलेल. आणि जुनें रबर उन्हानें कडक झालेलें असल्यानें नव्याच्या जोडीस धरत नाहीं. रबर भरीव घ्यावें. पातळ टोपींतून नळीची कड कांहीं दिवसांत खालीं डोकावते.

घरांतल्या फरशीवर रबरच हवें. जाजमावर मात्र तें दबतें व कॅमेरा डोलतो, म्हणून तेवढें जाजम आम्ही दुमडून ठेवतों. शेतांत, माळावर पोलादी अणी उत्तम. कोंकणांतल्या जांभ्याच्या छिद्रांतही ती चांगली रुतते. पण देवळाच्या फरशीवर अणी टेकवणाऱ्यास पुजाऱ्यानें बाहेर काढलें तर आम्ही पुजाऱ्याच्या बाजूचे. रबर फिरविलें कीं आंतली अणी बाहेर येते, अशीं दुहेरी पावलेंही मिळतात. तीं सोयीचीं खरीं. परंतु रबर हळूहळू आपोआप फिरून अणी उघडी पडते, आणि तें फरशीवर ओरखडा उठल्यावरच कळतें. आम्हीं दोन्ही प्रकार वेगवेगळे घेतले. समुद्राच्या वाळूंत दोन्ही निरुपयोगी. तेथें रुंद चकतीचें पाऊल लागतें, कॅमेरा चढविण्यापूर्वीं तिवई दाबून बसवावी लागते, आणि घरीं आल्यावर पाय गोड्या पाण्यानें धुवावे लागतात.

हल्लीं घरांत मुंज असो वा डोहाळजेवण, पुतण्या आदल्या रात्रीं तिन्ही पावलें हातानें पिळून पाहतो. गेल्या वर्षांत दोनदां एक पाऊल सैल निघालें.