शब्द गाळून उरलेला सूर

पालघर जिल्ह्यातल्या आमच्या जव्हारला कोणत्याही पक्षाचा मोठा नेता येवो, त्याच्या स्वागताला तारपा असतोच. झेंडे बदलतात, उपरण्यांचे रंग बदलतात, तारपा वाजवणारे मात्र पुष्कळदा तेच असतात. आमच्या जव्हार-मोखाड्याचा विक्रमगड मतदारसंघ २०१४ला भाजपकडे होता, २०१९ला राष्ट्रवादीकडे गेला आणि २०२४ला पुन्हा भाजपकडे आला. शेजारच्या डहाणूनं २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा आमदार निवडून दिला. प्रत्येक मिरवणुकीपुढे तारपा होता. दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकरी आंदोलनातही पालघरहून लाल बावटा घेऊन गेलेल्यांनी तारपा सोबत नेला होता.

एकच वाद्य इतक्या परस्परविरोधी झेंड्यांखाली वाजतं, तेव्हा त्याचं काय होतं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

वाद्य म्हणून तारपा काय आहे, ते आधी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मेणानं बुजवलेल्या सांधी आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा गालात हवा साठवून सूर तुटू न देता फुंकत राहतो. नवं भात तयार झालं की याचे दिवस येतात. नाचात तो मधोमध असतो. बाया-गडी एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. त्यानं चाल बदलली की पावलं बदलतात. तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हे वाद्य आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०२६ची पद्मश्री यांमुळे त्यांचं नाव देशाला कळलं. आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं.

आता सभेच्या दाराशी काय होतं ते पाहा. तारपावाला नेत्यासमोर मागे मागे सरकत वाजवतो. फोटो निघतात. नेता व्यासपीठावर चढतो, खुर्च्या भरतात आणि ज्याच्याकडे पाठ करायची नाही त्याच्याकडे अख्ख्या मंडपाची पाठ होते. भाषणाला सुरुवात करायची म्हणून त्याला थांबायला सांगतात. नाचाचा म्होरक्या मंडपाच्या दाराशी उभा राहतो. मला याचा राग येतो आणि तो कुठल्या एका पक्षावर नाही.

मी वाजवणारा नाही, ऐकणारा आहे. तारपा, सांबळ आणि बोहाड्याची सनई ऐकत मोठा झालो, आणि कॉलेजच्या वयात इंडी रॉकच्या नादी लागलो. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर राहून, लहान कंपन्यांकडून किंवा पदरच्या पैशांनी गाणी काढणाऱ्या बँडांचं हे संगीत १९८०च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत रुजलं. गिटारी, बेताचं ध्वनिमुद्रण, घरगुती आवाज. गाणारा शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटावं. बेकारी, एकटेपणा, कारखाने बंद पडलेली शहरं हे त्याचे विषय. जव्हारच्या माणसाला यात परकं काहीच वाटत नाही. भात झोडून झालं की आमची गावंच्या गावं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. मागे राहिलेल्यांचं एकटेपण मी जवळून पाहिलंय.

या संगीताचा नाद लागलेल्या माणसाची राजकारणापासून सुटका नसते. त्यातही एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पक्षाला गाण्याची चाल हवी असते, शब्द अडचणीचे होतात. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन काही इंडी नव्हे, पण या बाबतीतला सगळ्यांत गाजलेला किस्सा त्याचाच. सप्टेंबर १९८४मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटनच्या प्रचारसभेत त्याचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेबद्दल बोलले. त्या वर्षी त्याचं ‘बॉर्न इन द यूएसए’ अमेरिकाभर वाजत होतं, आणि ते होतं व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाचं. ठेका विजयाचा, मजकूर पराभवाचा. ठेक्यावर डुलणाऱ्यांना मजकूर ऐकायची गरज वाटली नाही.

२००८ची गोष्ट याहून बोलकी आहे. ‘द नॅशनल’ हा माझा अतिशय आवडता बँड. त्यांचं ‘फेक एम्पायर’ बराक ओबामांच्या प्रचारफितीत वापरलं गेलं. बँडची हरकत नव्हती, ते उघडपणे ओबामांच्या बाजूचे होते. पण फितीत गाणं आलं ते शब्द काढून, नुसतं वाद्यांचं. पियानोवरून चढत जाणारा तो शेवटचा भाग ऐकला की छाती भरून येते, प्रचाराला तेवढं पुरेसं होतं. मूळ गाणं देशात चाललेल्या गोष्टींकडे डोळेझाक करून जगणाऱ्या माणसांचं आहे. ते कोणत्या पक्षाला चालेल? मित्रपक्षालासुद्धा नाही.

तारप्याला तर शब्दच नाहीत. सभेतली सुरावट कोणत्या देवाची, कोणत्या वेळेची, हे वारली आदिवासी माणसाला कळतं. व्यासपीठावरच्याला कळत नाही, आणि त्याला ते कळून घ्यायचंही नसतं. त्यामुळे शब्द गाळायचा त्रासही पडत नाही. ज्या वाद्याला शब्द नाहीत त्याला हार घालतात. शब्द असलेल्या गाण्याच्या वाट्याला नोटीस येते.

महाराष्ट्रात हे आपण नुकतंच पाहिलं. एप्रिल २०२४मध्ये लोकसभेच्या धामधुमीत उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या ‘मशाल’ गीतातले ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ हे शब्द काढा, असं निवडणूक आयोगानं कळवलं. ठाकऱ्यांनी नकार दिला. त्याच महिन्यात आम आदमी पक्षालाही प्रचारगीत बदलायला सांगितलं गेलं. पण पक्षाला वकील असतो, पत्रकार परिषद असते. एकट्या माणसाचं काय होतं, ते त्याच्या वर्षभर आधी दिसलं. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेनं पैशांच्या खोक्यांच्या राजकारणावर मराठी रॅप केलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं. तरी सत्तेतल्या शिवसेनेच्या युवा सेनेच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. त्याच सुमाराला मुंबईच्या उमेश खाडेलाही रॅपसाठी पोलिसांना सामोरं जावं लागलं. माझ्या लेखी २०२३च्या त्या एप्रिलमध्ये इंडी परंपरेला सगळ्यांत जास्त जागली ती ही दोन पोरं. ना कंपनी, ना प्रायोजक. हातातला मोबाइल आणि डोक्यातली भाषा एवढंच भांडवल. त्यांची गाणी मला संगीत म्हणून फार थोर वाटत नाहीत, हेही सांगून टाकतो. भूमिका पटली म्हणून गाणं चांगलं म्हणायची सवय लागली, की आपण ऐकणारे उरत नाही, कार्यकर्ते होतो.

मग गायकानं पक्षात जाऊच नये का? असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे त्याला मोठं उत्तर आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. नावातच बावटा होता, लपवाछपवी नव्हती. त्यांनी गिरणगावाच्या चाळींत आणि खेड्यापाड्यांत कार्यक्रम केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड गाजली. ती पक्षाच्या माणसानं लिहिली, तरी आज ती कोणत्याही पक्षाचा माणूस गुणगुणतो. तिच्यातला गडी पोटासाठी मुंबईला आलाय आणि त्याची बायको गावी राहिलीय. आधी हे दुःख खरं वाटतं. बेळगाव-कारवार तुटल्याची सल त्यातूनच पुढे येते, वरून चिकटवलेली नसते. माणूस आधी, मागणी नंतर, हा क्रम अण्णा भाऊंनी सोडला नाही.

लढा आणि गाणं यांचं हे नातं आमच्या भागालाही परकं नाही. १९४५चा वारल्यांचा उठाव गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेनं संघटित केला; १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह माणसं मेली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिप-हॉप चमूनं आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर गाणं केलं, तेव्हा त्याचं नाव ‘वारली रिव्होल्ट’ ठेवलं. आरेतल्या झाडांची आणि पाड्यांची बाजू घ्यायला त्यांना कोणत्याही पक्षाचं व्यासपीठ लागलं नाही.

पक्षात शिरलेल्या रॉक गायकाचं आपल्याकडचं ठळक उदाहरण विशाल ददलानीचं. मुंबईच्या ‘पेंटाग्राम’ बँडचा हा गायक. हिंदी सिनेमातलं नाव नंतरचं. आधी तो रंगमंचावर घसा फोडून गाणारा रॉकवाला होता. तो आम आदमी पक्षाच्या बाजूनं उघडपणे उभा राहिला आणि २०१५च्या दिल्ली निवडणुकीसाठी त्यानं पक्षाचं प्रचारगीत केलं. ऑगस्ट २०१६मध्ये जैन मुनी तरुण सागर यांनी हरियाणा विधानसभेत भाषण केलं, त्यावर ददलानीनं टीका केली आणि गदारोळ झाला. पक्षाचे नेते केजरीवाल यांनी मुनींबद्दल आदर व्यक्त केला; ददलानीनं माफी मागितली आणि राजकीय कामातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. त्याची ती टिप्पणी मला आवडली नव्हती. पण रॉक गायकाची जीभ आणि पक्षाचं मतांचं गणित एका घरात फार दिवस नांदू शकत नाही, हे तेव्हा लख्ख दिसलं. गायकाची किंमत असते ती त्याच्या मनात येईल ते बोलण्यात, आणि पक्षाला नेमकं तेच परवडत नाही.

चाहत्याची गोची वेगळीच. मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’वर मी जीव टाकला. डिसेंबर २०१०मध्ये त्यांचा गिटारवाला जॉनी मार यानं पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांना जाहीरपणे बजावलं की तुम्हाला आमचा बँड आवडतो असं म्हणायला मनाई आहे. त्याच बँडचा गायक मॉरिसी २०१९ला अमेरिकी टीव्हीवर ‘फॉर ब्रिटन’ या कडव्या उजव्या पक्षाचा बिल्ला लावून आला. ज्या आवाजानं मला एकेकाळी सोबत केली, तोच आवाज परक्यांना नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला गेला. स्थलांतर करणाऱ्यांच्या तालुक्यातल्या माणसानं ते कसं पचवायचं? जुनी गाणी मी अजून ऐकतो, कारण ती त्या बिल्ल्याच्या आधीची आहेत आणि त्यांत मारची गिटार आहे. नवी मात्र लावत नाही. दुसऱ्या कुणी दोन्ही ऐकली किंवा दोन्ही सोडली, तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे, आणि चाहते त्याबद्दल फार कमी बोलतात. कंपन्यांच्या बाहेरचं म्हणवणारं संगीतही कुणाच्या तरी पैशावर चालतं. २०१०ला पुण्यात सुरू झालेला एनएच७ वीकेंडर महोत्सव पुढे बकार्डीच्या नावानं भरला. प्रायोजक आला म्हणून गाणी खोटी ठरत नाहीत. पण बँडकडे करार असतो, मॅनेजर असतो, नको असलेल्या कार्यक्रमाला नाही म्हणायची सोय असते. तारपावाल्याकडे यातलं काय असतं? सुपारी कार्यकर्त्याच्या फोनवर ठरते, बिदागी त्याच्या मर्जीवर. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव नसतं, ‘आदिवासी नृत्यानं स्वागत’ एवढंच छापलेलं असतं. त्याच्या गळ्यात उपरणं टाकण्याआधी कुणी विचारत नाही. आणि नाही म्हटलं तर गावातली पुढची कामं, दाखले, ओळखी यांचं काय, ही भीती असते ती असतेच.

माझी मागणी साधी आहे. जव्हार-मोखाड्यात जो पक्ष तारपा बोलावेल त्यानं बिदागी आधी ठरवावी आणि त्याच दिवशी द्यावी. तारपावाल्याचं नाव आणि गाव पत्रिकेवर छापावं. गळ्यात उपरणं टाकू नये. आणि नेत्याच्या भाषणाआधी त्याला मंडपाच्या मधोमध उभं करून एक सुरावट पुरी वाजवू द्यावी, सगळ्यांनी त्याच्याकडे तोंड करून ऐकावी. निवडणूक खर्चाच्या हिशेबात मंडप, गाड्या, भोंगे यांच्या ओळी असतात. तारप्याची ओळही असू द्या, वाजवणाऱ्याच्या सहीनिशी.