प्रति, राष्ट्राध्यक्ष महोदय...

ऑगस्ट १८०८. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या नावाने बोस्टनहून एक पत्र येतं. 'महोदय' वगैरे भानगडच नाही, सुरुवातच शिवीने! ब्रिटन आणि फ्रान्सला धडा शिकवायला जेफरसन यांनी परदेशी व्यापारच बंद करून टाकला होता. जहाजं बंदरात उभी, खलाशी घरी. आम्हा गरिबांना अजून किती दिवस उपाशी मारणार, असा त्या माणसाचा सवाल होता. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने राष्ट्राध्यक्षांना थेट टॅग करून झापलं होतं.

आणि तो काही एकटा नव्हता. वॉशिंग्टन, अॅडम्स, जेफरसन यांना कोण लिहीत नव्हतं? कुणाला नोकरी हवी, कुणाला उसने पैसे, कुणाला आपल्या नव्या यंत्राचं कौतुक, तर कुणाला मुलासाठी चार शब्दांचा उपदेश. पाकीट नाही, तिकीट नाही. कागदाची घडी घालायची, लाख लावायची आणि मागच्या बाजूला पत्ता. टपालखर्च बहुतेकदा पत्र घेणाराच भरायचा. पण १७९२च्या टपाल कायद्याने राष्ट्राध्यक्षांची पत्रं मोफत झाली. म्हणजे शिवी द्या नाहीतर शाबासकी, खर्च शून्य!

उत्तर मिळायचं का? बऱ्याचदा मिळायचं. मात्र उत्तर मिळालं म्हणजे काम झालं, असं नाही.

मेरी कॅथरीन गोडार्ड यांचंच बघा. बाल्टिमोरच्या पोस्टमास्तर, तब्बल १४ वर्षांचा अनुभव. शिवाय छापखाना चालवायच्या. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, सह्या करणाऱ्यांच्या नावांसकटची पहिली प्रत त्यांनीच छापली. तरी १७८९मध्ये त्यांना पदावरून काढलं. कारण काय, तर या कामात आता प्रवास वाढणार आणि तो बाईला झेपणार नाही! गावातल्या २००हून जास्त लोकांनी त्यांच्या बाजूने सह्या दिल्या. डिसेंबरमध्ये त्यांनी थेट जॉर्ज वॉशिंग्टन यांना लिहिलं. जानेवारीत उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत : अशा नेमणुकांमध्ये मी पडत नाही. विषय संपला.

कधी कधी मात्र पत्र लिहिणाऱ्याचेच शब्द मोठ्या माणसाच्या तोंडी जाऊन बसतात. ऑगस्ट १७९०मध्ये वॉशिंग्टन न्यूपोर्टला गेले, तेव्हा तिथल्या छोट्याशा ज्यू समाजाच्या वतीने मोझेस सेशस यांनी त्यांना पत्र दिलं. धर्मांधतेला थारा न देणारं आणि छळाला साथ न देणारं सरकार मिळालं, असा त्यात आनंद व्यक्त केला होता. वॉशिंग्टन यांनी उत्तरात जवळपास तेच शब्द वापरले. आज ते वाक्य वॉशिंग्टन यांच्या नावावर ओळखलं जातं. सेशस यांचं नाव फार थोड्यांना माहीत असतं.

सगळ्यात धाडसी पत्र मात्र बेंजामिन बॅनेकर यांचं. मेरीलँडमधले एक स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी, वय ५९. खगोलशास्त्र स्वतःच पुस्तकं वाचून शिकलेले. १९ ऑगस्ट १७९१ला त्यांनी तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या जेफरसन यांना आपल्या हाताने तयार केलेलं पंचांग पाठवलं. सोबतच्या पत्रात त्यांनी जेफरसन यांचेच शब्द त्यांच्यासमोर ठेवले. सगळी माणसं समान आहेत असं तुम्हीच लिहिलंत ना, मग आमच्या माणसांना गुलाम कसं ठेवता? कृष्णवर्णीयांच्या बुद्धीवर पुस्तकातून शंका घेणाऱ्या आणि आयुष्यभरात ६००हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगणाऱ्या माणसाला हा प्रश्न होता.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. पंचांग पॅरिसला एका मोठ्या विद्वानाकडे पाठवतोय, असं जेफरसन यांनी कळवलं. भाषा गोड, गुलामांना सोडण्याबद्दल मात्र काहीच ठोस नाही. पुढे १८०९मध्ये एका मित्राला लिहिताना त्यांनी बॅनेकर यांची बुद्धी अगदी सामान्य असल्याचं म्हटलं. पण बॅनेकर यांनी एक हुशारी केली होती. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही पत्रं छापून लोकांच्या हाती दिली होती. स्क्रीनशॉट काढून ठेवण्याचाच हा प्रकार! त्यामुळे जेफरसन यांचं टाळलेलं उत्तर लोकांना तेव्हाही वाचता आलं आणि आपल्यालाही वाचता येतं.

निवृत्तीनंतरही जेफरसन यांची सुटका झाली नाही. आलेल्या-गेलेल्या पत्रांची ते नोंद ठेवायचे. त्यांनी एकदा मोजलं, तर १८२० या एका वर्षात १,२६७ पत्रं आली होती. मनगट जुन्या दुखापतीने दुखायचं, तरी ते उत्तरं लिहायला बसायचे. शिव्यांची पत्रंही त्यांनी फेकली नाहीत. म्हणून तर बोस्टनचा तो उपाशी माणूस आज आपल्याला भेटतो.

ही पत्रं वाचायची असतील तर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन'वर हजारो पत्रं फुकट आहेत. एखाद्या संध्याकाळी रील्स बाजूला ठेवून दोन-चार वाचा. आणि कॉलेजच्या फीबद्दल किंवा रखडलेल्या निकालाबद्दल विद्यापीठाला अर्ज लिहायचा राहिला असेल, तर तोही लिहून टाका. बॅनेकर यांच्यासारखी एक प्रत मात्र आपल्याकडे ठेवा.