पथ्य आणि सवय

‘गोड वर्ज्य करा, रोज चालत जा’ असे डॉक्टरांनी सांगावे, रुग्णाने मान डोलवावी आणि तीन महिन्यांनी रक्तातील साखर पूर्वीइतकीच आढळावी, हा अनुभव कोणत्याही बाह्यरुग्ण विभागास नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा रुग्णाच्या मनोनिग्रहास दिला जातो. वस्तुतः उपदेश आणि आचार यांमधील अंतर हा मानसशास्त्राचा विषय होय.

डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र आले असता काय साधते, हे अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंधक प्रयोगाच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून दिसते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ व्यक्तींपैकी काहींना मेटफॉर्मिन हे औषध, काहींना निरौषधी गोळी देण्यात आली. उरलेल्यांपुढे वजन शेकडा ७ ने घटविण्याचे व आठवड्यास १५० मिनिटे व्यायामाचे ध्येय ठेवले. सरासरी २.८ वर्षांत निरौषधी गोळीच्या तुलनेने मधुमेह जडण्याचे प्रमाण औषधाने शेकडा ३१ ने, तर आचारबदलाने शेकडा ५८ ने घटले. या तिसऱ्या गटाच्या कार्यक्रमाच्या आखणीत मानसशास्त्रज्ञ रीना विंग यांचा मोठा वाटा होता. आरंभीच्या २४ आठवड्यांत १६ पाठ, तेही मार्गदर्शकासमोर एकेकट्याने बसून. खाल्लेल्या अन्नाची व व्यायामाची नोंद रुग्णाने स्वतः ठेवायची, आणि अडचण आली की तिच्यावर तोड दोघांनी मिळून काढायची. उपदेश येथेही होताच. पण तो एकदा करून सोडून दिला नव्हता.

सवय जडण्यास किती अवधी लागतो? लंडन येथे फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेल्या अभ्यासात ज्यांची प्रगती नीट मोजता आली, त्यांचा मध्यांक ६६ दिवस निघाला. व्यक्तिपरत्वे मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (एकवीस दिवसांचा लोकप्रिय हिशेब येथे टिकत नाही.) एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत फारसा खंडही पडला नाही. हा मुद्दा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. लग्नसराईत पथ्य मोडलेला रुग्ण पुढची भेटच टाळतो, याचे कारण पुष्कळदा रागावणारे डॉक्टर हेच असते.

भारतातही २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ५३१ व्यक्तींवरील प्रयोगात आचारबदलाने धोका शेकडा २८.५ ने, मेटफॉर्मिनने २६.४ ने उतरला. दोन्ही एकत्र देऊनही अधिक लाभ झाला नाही. अमेरिकेच्या मानाने हे यश थोडे. तथापि औषधाच्या तोडीचे खचित आहे. परंतु गोळी लिहून देण्यास एक मिनिट पुरते, आणि सोळा पाठ घेण्यास माणूस नेमावा लागतो.