पोळी-भात बंद करण्याआधी

पुण्यात सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या कोणत्याही घोळक्यात 'मी भात बंद केलाय' असं सांगणारा एक तरी भेटतोच. जिममध्ये कीटोचा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरतो. शुगर बॉर्डरलाइनवर निघालेले काका पोळ्या मोजायला लागतात, आणि त्यांचं ताट बघून घरातली पंधरा-सोळा वर्षांची पुतणी आपलीही पोळी बाजूला सारते. सगळ्यांच्या तोंडी शब्द एकच, लो कार्ब. पण पन्नाशीतल्या मधुमेही माणसाला जे मानवतं ते वाढत्या मुलीला मानवेल असं नाही. ज्याच्या गोळ्या चालू आहेत त्याने तर डॉक्टरांना न विचारता हा प्रयोग करूच नये.

आधी हे मान्य करायला हवं की, कार्ब कमी करण्यामागे ठोस कारण आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय प्रौढांच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. याच गटाने २०२२ मध्ये मधुमेहींसाठी सुचवलेलं प्रमाण होतं कर्बोदकं साधारण ५० ते ५५ टक्के आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एक पोळी कमी आणि एक वाटी उसळ जास्त. हे कीटो नव्हे. कीटोत दिवसभराची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅमवर आणतात. राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे दिवसाला किमान १३० ग्रॅमची. घरची एक मध्यम पोळी साधारण २० ग्रॅमची धरली, तर कडक कीटोवाल्याचा अख्ख्या दिवसाचा कोटा एका पोळीत संपतो.

आता नेहमी कानावर येणारे काही गैरसमज. 'मी पोळी सोडून भाकरीवर आलोय, म्हणजे लो कार्बच.' राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या कणकेत ६४ ग्रॅम. भाकरी चांगलीच आहे, जरूर खावी, पण दोन पोळ्यांऐवजी दोन जाड भाकऱ्या खाल्ल्या तर कर्बोदकं वाढतात. इंडियाबच्या अभ्यासातही नुसता पांढरा भात सोडून गव्हाच्या किंवा भरडधान्याच्या पिठावर आल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. डाळी, दूध-दही यांतली प्रथिनं कर्बोदकांच्या जागी आली, तिथे मधुमेहाचा धोका कमी दिसला. साबुदाण्याबद्दल तर बोलायलाच नको, तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. एकादशीची खिचडी खाऊन 'आज कार्ब नाहीत' असं म्हणता येत नाही.

'पहिल्याच आठवड्यात दोन किलो चरबी गेली.' वजन उतरतं हे खरं, पण त्यात चरबी थोडी आणि पाणी फार. यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी. कर्बोदकं थांबली की हा साठा रिकामा होतो. पुन्हा भात सुरू केला की पाणी परत येतं, आणि माणूस उगाच खचतो. लांबच्या पल्ल्याचं बघायचं तर स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ प्रौढांपैकी निम्म्यांना कमी कार्बचा आणि निम्म्यांना कमी फॅटचा आहार दिला होता. वर्षाअखेर सरासरी घट एका गटात ६ किलो, दुसऱ्यात ५.३. म्हणण्यासारखा फरक नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, गोळ्यांचा. 'खाणं माझं, गोळ्या डॉक्टरांच्या. दोन्हींचा काय संबंध?' संबंध थेट आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने दिलेलं असतं. जेवण निम्मं केलं आणि डोस तोच ठेवला, की साखर धाडकन खाली येते. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. हे दुचाकीवर सिंहगड रस्त्याच्या गर्दीत झालं तर काय होईल, याचा विचार करावा.

दुसरा धोका लपून येतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. भारतात पहिलीचं पेटंट २०२० मध्ये संपलं, दुसरीचं २०२५ मध्ये, त्यामुळे दोन्ही आता स्वस्त झाल्या आहेत आणि भरपूर लिहून दिल्या जातात. औषधं उत्तम आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही उपयोगी. पण ती चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली, तर शरीर चरबी जाळत सुटतं आणि रक्तात कीटोन साचून आम्ल वाढू शकतं. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबाबत २०१५ मध्येच तसा इशारा दिला होता. फसगत होते ती इथे: अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर दीडशे-दोनशेच दिसू शकते. घरचे म्हणतात, शुगर तर ठीक आहे, ॲसिडिटी झाली असेल. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, कमालीचा थकवा, यांतलं काही दिसलं तर मीटरवर विसंबू नका. रुग्णालयात जा, कोणती गोळी चालू आहे ते सांगा आणि कीटोन तपासायला लावा. नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करणाऱ्या मधुमेहींनीही घट बसण्याच्या आधीच गोळ्यांचं विचारून घ्यावं.

'कार्ब सोडले की तूप, लोणी, चीज कितीही चालतं.' काहींचं एलडीएल कोलेस्टेरॉल यामुळे चांगलंच वाढतं. पुणेकरांनी तर इथे जास्तच जपायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो म्हणून आतून ठणठणीत असतो असं नाही, त्यामुळे आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल करून घेणं शहाणपणाचं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रोटीन पावडरचे डबे आणण्यापूर्वी विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कीटोच्या वाटेला जाऊ नये.

'एपिलेप्सीत लहान मुलांनाही कीटो देतात, मग कॉलेजच्या मुलांना काय होणार?' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. कीटो आहाराचा जन्मच त्या आजारासाठी झाला, १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. आजही औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी तो वापरतात, पण तो उपचार म्हणून. आहारतज्ज्ञ वजनकाट्यावर घास मोजतात, रक्त-लघवी तपासत राहतात, उंची नोंदवतात. इतकं करूनही काही मुलांना मूतखडे होतात, काहींची वाढ मंदावते. रील बघून कीटो करणाऱ्या मुलामागे यातलं कोणीच उभं नसतं.

कोवळ्या वयाचा हिशेबच वेगळा असतो. उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत प्रौढपणीच्या हाडांचा जवळपास पाव हिस्सा तयार होतो, त्याला कॅल्शियम लागतं. एका पेलाभर दुधात १० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणून कडक कीटोत दूधच आधी सुटतं. पाठोपाठ कडधान्यं आणि केळंही. देशात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना ॲनिमिया असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. त्यांच्या ताटातून आणखी काही काढायला नको. पीसीओडीचं निदान झालं की मुली घाबरून जेवणच तोडतात. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरवल्याने फायदा होतो हे खरं, पण उष्मांक फार कमी पडले तर पाळीच थांबू शकते. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांनी वजनापायी इन्सुलिन कमी करणं तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये टाइप वन असलेल्या किशोरांना लो कार्ब आहाराची शिफारस केलेली नाही. वाढ खुंटणं, पोषण कमी पडणं आणि खाण्याचा मानसिक आजार जडणं, ही त्यांची कारणं.

मुलगा किंवा मुलगी जेवण टाळते, सगळ्यांबरोबर बसत नाही, प्रत्येक घासाला ॲप उघडते, तर रागावण्याआधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. उंची-वजनाच्या तक्त्यावर नोंद करून घ्या. भारतीय मुलांसाठीचे २०१५ चे तक्ते पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या कामातून उभे राहिले. वजन खरोखरच जास्त असेल, तर घरातल्या सगळ्यांनी मिळून कोल्ड्रिंक, बेकरी आणि पाकिटातलं खाणं आधी कमी करावं. ६०० मिलिलिटर कोलाच्या बाटलीत ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते, तीन पोळ्यांमधल्या कर्बोदकांइतकी, आणि त्या पोळ्यांतलं लोह, प्रथिनं, चोथा यांतलं काहीच नसतं.