दोन तासांची पाकशाळा

मनुष्य परगावी गेला म्हणजे तेथील देऊळ पाहतो, किल्ला पाहतो, समुद्राच्या पाण्यात पाय भिजवितो; परंतु त्या गावाची खरी ओळख त्याला बहुधा जेवणाच्या पानावरच होते. हे ध्यानी घेऊनच जगात ठिकठिकाणी प्रवाशांसाठी पाकवर्ग निघाले आहेत. थायलंड देशातील चिआंग माई शहर तर अशा वर्गांसाठी प्रसिद्धच आहे, आणि तेथील कित्येक वर्गांचा पहिला पाठ चुलीपाशी न होता भाजीबाजारात होतो. महाराष्ट्रातही २०२० साली शासनाने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि गावच्या जेवणाकडे पाहुण्यांचे लक्ष वेधण्यास अधिकच वाव मिळाला.

पालघर जिल्ह्याला ही कल्पना विशेष सोयीची आहे. २०१३ साली विरारपासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या. त्यामुळे मुंबईकर सकाळी निघून पालघर किंवा बोईसर गाठतो, केळव्याचा अथवा चिंचणीचा किनारा पाहतो आणि रात्री आपल्या घरी निजावयास जातो. अशा एखाद्या रविवारी पाकवर्गास गेलेल्या कुटुंबाची कल्पना करावी. महिना मे, बरोबर दोन मुले आणि आजी. सुरूच्या बनालगतच्या एका वाडीत वर्ग भरलेला आहे. तळलेले बोंबील, उकडहंडी आणि तांदळाची भाकरी असे तीन पदार्थ दोन तासांत शिकविण्याचे अभिवचन आहे.

मंडळी येऊन पाहतात तो मासळी चिरून ठेवलेली, वाटण वाटलेले, भाज्या वाट्यांतून मांडलेल्या. वर्गाचे चालक बोलत असतात. जिच्या हाताला चव आहे ती बाई मात्र बाजूला उभी असते. प्रत्येकाने एकेकदा डाव फिरवावा, छायाचित्र काढून घ्यावे आणि पानावर बसावे, एवढ्यात शिक्षण आटोपते. बोंबील लिबलिबीत निघतो, उकडहंडी कुकरमधून येते, भाकरीला चिरा पडतात. शेवटी आजी त्या बाईला हळूच विचारते, “बाई, तुमच्या घरी हे असंच करता का हो?” बाई हसून उत्तर देते, “घरी असं नाही करत, आजी. पण पाहुण्यांना गाडी गाठायची असते.”

ह्या एका उत्तरात साऱ्या निराशेचे मूळ आहे. येथे कोणी कोणास फसविले असे म्हणता येणार नाही. पाहुण्याला वेळ नाही, चालकाला पाहुणा गमवावयाचा नाही, म्हणून पदार्थातून वेळ तेवढा काढून टाकलेला असतो. आणि वेळ काढून टाकला की पदार्थात काय उरते, हे एकेक पदार्थ घेऊन पाहणे उचित होईल.

प्रथम बोंबील घेऊ. ताज्या बोंबलाच्या वजनात सुमारे नऊ-दशांश भाग पाणीच असते. म्हणून किनाऱ्यावरील गृहिणी तो चिरून, मधला काटा काढून, पाट्यासारख्या जड वस्तूखाली दाबून ठेवते. पाणी निथळले म्हणजे मगच त्याला मसाला आणि तांदळाचे पीठ लागते. हे दाबणे वगळले तर मासा तेलात तळला न जाता आपल्याच पाण्यात शिजतो, आणि बोंबील हा मुळातच बेचव मासा असावा, असा पाहुण्याचा ग्रह होतो. वजनाखाली मासा ठेवून निमूट बसून राहणे हाच ह्या पाठाचा गाभा. वर्गात नेमका तोच गाळला जातो.

उकडहंडीची गोष्ट ह्याहून निराळी नाही. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे असे जिन्नस मसाला लावून मातीच्या मडक्यात भरतात, मडक्याचे तोंड पाल्याने बंद करतात आणि भोवती जाळ करतात. आत पाणी घालीत नाहीत. शेंगा व कंद आपल्याच ओलाव्यात शिजतात आणि त्यांना माती, पाला व धूर ह्यांचा मिश्र गंध येतो. कुकरमध्ये पाणी घालून शिट्ट्या दिल्या तर त्या उकडलेल्या भाज्या होतात, उकडहंडी होत नाही. शिवाय हा पदार्थ थंडीचा. कोवळी पापडी आणि ताजे कंद हिवाळ्यात मिळतात. मे महिन्यात त्याचा आग्रह धरणे म्हणजे चैत्रात हुरडा मागण्यासारखे आहे.

भाकरीचे शास्त्र आणखी सूक्ष्म आहे. तांदळाच्या पिठाला गव्हाच्या पिठासारखा ताण नसतो. उकळत्या पाण्यात घालून त्याची उकड काढली म्हणजे पिठातील पिष्ट फुगते, आणि मळून मळून गोळा एकजीव होतो. पाणी किती घालावे हे तांदूळ नवा की जुना ह्यावर ठरते, आणि ते हातालाच कळते. हा हात दहा भाकऱ्या मोडल्यावाचून येत नाही; वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला एकच गोळा येतो.

वेळेचे आणि ऋतूचे हे बंधन केवळ चवीपुरते असते तर हळहळ थोडी झाली असती. परंतु पावसाच्या तोंडावर ह्या भागातील बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळे नावाची रानभाजी घेऊन बसतात, तिच्यासोबत काकडे नावाची आंबट-तुरट फळेही असतात. ही जोडी सहज जमलेली नाही. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनी घसा खाजतो, म्हणून काकडे किंवा चिंच घातल्यावाचून ही भाजी रांधीत नाहीत. घाईच्या वर्गात कोणी काकडे गाळली, तर पाहुणा घसा धरून घरी जाईल आणि दोष मात्र भाजीला लागेल.

येथे असा प्रश्न उद्भवतो की, कृतीच हवी असेल तर वर्गाला जावेच कशाला? लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले आणि त्याने हजार पाकक्रिया घरोघर पोचविल्या. कमलाबाई ओगले ह्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप देऊन नवख्या गृहिणीचे भय घालविले. माप पुस्तकातून शिकता येते. मासा ताजा कसा ओळखावा, पीठ कितपत मऊ झाले म्हणजे पुरे, जाळ केव्हा ओढावा, हे माणसाशेजारी बसूनच शिकावे लागते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरला नाना प्रांतांची कुटुंबे येऊन राहिली. अशा गावात परप्रांतीय गृहिणीला स्थानिक मासळीची खरी शिक्षिका शेजारीणच भेटते. आणि तो वर्ग वर्षभर चालतो.

पाहुण्याला वर्षभर राहता येणार नाही, हे खरे. तथापि एका दिवसातही प्रामाणिक पाठ देता येतो. तीन पदार्थांऐवजी एकच घ्यावा. आरंभ सातपाटीसारख्या बंदरावर मासळी उतरताना करावा. डोल जाळे भरती-ओहोटीच्या ओढीवर चालते, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बोंबील अधिक का येतो, ते तेथेच समजेल. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुक्या बोंबलाचा पाठ द्यावा. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. परंतु अंडी घालण्यापूर्वीच लहान पापलेट धरले गेले तर उद्या पकडावयास मोठे उरणार नाहीत, हेही पाहुण्याला कळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रांधणाऱ्या बाईने स्वतः बोलावे आणि शिकविण्याचा मोबदला तिच्या हाती पडावा.

कारण ह्या व्यवहारात पाहुण्याचे नुकसान एका रविवारचे असते. बाईचे नुकसान मोठे आहे. तिची मुलगी दाराशी उभी राहून हा वर्ग पाहत असते. आईची कुकरमधील उकडहंडी पाहुण्यांना चालते, तिला पैसे मिळतात, असे दिसल्यावर ती मडके कशाला भरील? पाहुण्यांसाठी केलेली तडजोड अशा रीतीने घरात शिरते आणि दहा-वीस वर्षांनी तीच परंपरा म्हणून दाखविली जाते.

तेव्हा पालघर-बोईसरकडे जाणाऱ्या कुटुंबाने नाव ठरलेला पदार्थ मागण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा: “बाई, ह्या महिन्यात तुमच्या घरी काय शिजतं?” जे उत्तर मिळेल तेच शिकावे, आणि ते शिजेपर्यंत थांबावे. एखादी गाडी चुकली तर पुढची मिळते.