आंतरराष्ट्रीय संशोधन आणि किमतीचा प्रश्न : एका लशीचा इतिहास

ज्ञान उपलब्ध असणे आणि ते गरजवंतापर्यंत पोहोचणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या साथींचा इतिहास ह्या भेदावर लख्ख प्रकाश टाकतो. आणि त्या इतिहासात पुण्याचा वाटा मोठा आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात मेनिंगोकॉकस नामक जंतूच्या ‘अ’ गटाच्या साथी वारंवार उद्भवत. 1996-97 च्या साथीत 2,50,000 हून अधिक लोकांना हा रोग जडला व सुमारे 25,000 दगावले. तत्कालीन लस जंतूच्या बाह्य आवरणातील बहुशर्करेपासून केलेली असे. तिचे संरक्षण अल्पकाळ टिके व तान्ह्या मुलांत ते पुरेसे उत्पन्न होत नसे. बहुशर्करा प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडल्यास प्रतिकारशक्तीला दीर्घ स्मृती लाभते व घशातील जंतूंचे वास्तव्यही घटते, हे शास्त्रज्ञांस ज्ञात होते. अशा संयुग्मी लसी संपन्न देशांत वापरातही आल्या होत्या. उणीव ज्ञानाची नव्हती. ज्यांना गरज होती त्यांच्यापाशी पैसा नव्हता.

2001 साली जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ ही संस्था ह्यांनी गेट्स प्रतिष्ठानच्या साहाय्याने एक प्रकल्प हाती घेतला. येथे नेहमीचा क्रम उलटला : किंमत आधी ठरली, लस नंतर घडली. दर मात्रेस अर्ध्या डॉलरहून अधिक खर्च परवडणार नाही, असे आफ्रिकी अधिकाऱ्यांनी सांगितले होते. त्या मर्यादेत कार्याची वाटणी झाली. संयुग्मनाची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेने दिली. उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. चाचण्या भारत, माली, गांबिया व सेनेगल येथे झाल्या. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासो येथे ‘मेनआफ्रिव्हॅक’चे व्यापक लसीकरण सुरू झाले. 2017 नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाचा एकही निश्चित रुग्ण आढळलेला नाही.

ह्या यशालाही मर्यादा होती. जंतूच्या अन्य गटांच्या साथी चालूच राहिल्या. त्यांसाठी पाच गटांवरील लस त्याच सहकार्यातून सिद्ध झाली. तिला 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली व 2024 मध्ये नायजेरियात तिचा वापर सुरू झाला.

अनेक देशांचे विद्वान एकत्र आले, एवढ्यानेच संशोधन जागतिक ठरत नाही. ज्यांच्यावर संकट कोसळते त्यांची अट संशोधनाच्या आरंभीच स्वीकारली जाते, तेव्हाच ते त्या नावास पात्र होते.